कपाटामागचा आकडा

दि. २ फेब्रुवारी

चि. बारक्यास अ.उ.आ.

तुला सत्तेचाळिसावं लागलं तरी मायन्यात मी बारक्याच लिहिणार, तेव्हा नाक मुरडू नकोस. इकडे सर्व ठीक. हॉस्पिटलातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी पहाटे पाचला डोळे उघडतात आणि उठवायला वॉर्डात कोणी नाही म्हणून मी कुंड्यांना पाणी घालते. त्या बिचाऱ्या तक्रार करत नाहीत.

मुद्द्याचं लिहिते. परवा बाबांचं पत्र आलं. मजकूर बाबांचा आहे, अक्षर बाबांचं नाही. बाबांच्या ओळी जिना चढल्यासारख्या उजवीकडे वर जातात, तुला माहीत आहे. या पत्रातल्या ओळी शिस्तीत सरळ आहेत, डावीकडे समास सोडलाय, शेवटी सही तेवढी त्यांची, आणि तीही अर्धी कागदाबाहेर. हे कुणी लिहून दिलं? मी पत्र जपून ठेवलंय. लागलं तर पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

दुसरं म्हणजे, पत्रात ते लिहितात की आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट त्यांनी बाहेरच्या खोलीत आणलं. एकट्यानं. ते कपाट आत ठेवताना चार माणसं लागली होती आणि त्यातल्या एकाची कंबर धरली होती. बाबा एकोणऐंशीचे आहेत. म्हणजे एक तर ते थापा मारताहेत, नाहीतर त्यांचा भ्रम झालाय, नाहीतर त्या घरात कुणीतरी येतं-जातं आणि आपल्याला पत्ता नाही. तिन्हींतलं एकही मला आवडत नाही.

माझ्या गावाजवळच्या वृद्धाश्रमाबद्दल मागे लिहिलं होतं. स्वच्छ आहे, नर्सेस शिकलेल्या आहेत, मी रोज जाऊ शकेन. मी फक्त चौकशी केली आहे, बाकी काही नाही. १५ मार्चपर्यंत ते खोली राखून ठेवतील. तू बाबांच्या घरी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मला कळव. तुझ्या ऑफिसात नकाशे काढताना जशी भिंगं लावतोस तशी लाव. रविवारी जाऊन चहा पिऊन येण्याला मी बघणं म्हणत नाही.

माया आहे म्हणूनच बोलते, हे लक्षात ठेव.

तुझी
ताई

*

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस शि.सा.न.वि.वि.

पत्र पोचलं. रविवारी जाऊन चहा पिऊन आलो, पण बघूनही आलो.

कपाट खरंच हललंय. आतल्या खोलीतून उंबरा ओलांडून बाहेरच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी भिंतीला लागून उभं आहे. एवढंच नाही, बाकीचं सामानही जागेवर नाही. टेबल, ट्रंक, खुर्च्या, सगळं एकाच भिंतीला ओळीनं लावलंय. घर कमी आणि स्टेशनावरचा फलाट जास्त वाटतं. मी हसलो तर बाबा म्हणाले की म्हाताऱ्यानं घरात काय कुठे ठेवावं यालाही आता परवानगी काढायची का.

कसं हलवलं विचारलं तर खूश झाले. टेबलावर फूटपट्टी घेतली, खाली पेन्सिल आडवी ठेवली, एका टोकावर कुलूप ठेवलं आणि दुसरं टोक करंगळीनं दाबून दाखवलं. पहार म्हणजे ही पट्टी, टेकू म्हणजे ही पेन्सिल, टेकू वजनाच्या जवळ सरकवायचा आणि स्वतः लांब टोकाला जायचं, की जोर म्हाताऱ्याचा असला तरी चालतो. मग कपाटाखाली नळ्या सरकवायच्या आणि ढकलत न्यायचं. तीस वर्षं अवजड यंत्रं हलवणाऱ्या टोळीचे मुकादम होते ते, त्यांच्याशी मी काय वाद घालणार? मी विचारलं, एकट्यानं? ते म्हणाले, एकट्यानं.

अक्षराचं विचारलं तर अंगठा दुखत होता म्हणून कुणाकडून तरी लिहून घेतलं म्हणाले. कुणाकडून म्हटल्यावर त्यांना एकदम चहाची आठवण झाली. चहा ओतताना कपात बोट बुडवायची घाण सवय लावून घेतलीय, सांगितलं तर ऐकत नाहीत. आणि गंमत म्हणजे मी दारात उभा राहिलो तर समोर बघून कोण आहे म्हणून विचारलं. मी बोललो तेव्हा हसले आणि म्हणाले की तू इतका जाड झालायस की ओळखलं नाही. तू असतीस तर खूश झाली असतीस.

पण खरी गोष्ट पुढे आहे. बाबांची खडूची सवय आठवते ना? कुठलंही यंत्र जागेवर बसवलं की त्याच्या पाठीवर तारीख आणि किती माणसांनी हलवलं तो आकडा. घरातल्या पलंगालाही त्यांनी सोडलं नव्हतं. बाबा चहाचे कप विसळत होते तेव्हा मी त्यांचा दाढीचा आरसा कपाट आणि भिंतीच्या फटीत घातला. मागे खडूनं लिहिलंय: १९ जानेवारी. माणसं २.

तुला तो किस्सा आठवत असेल. यंत्र घसरून एकाचा पाय गेला, चौकशी लागली, आणि सहा माणसांनी उचललेल्या यंत्राच्या पाठीवर आठ लिही म्हणून मालक बाबांच्या मागे लागला. बाबांनी सहाच लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी घरी बसले. आईनं महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला, तरी त्यांनी तो आकडा बदलला नाही. हा माणूस खडूनं खोटं लिहिणार नाही. म्हणजे तोंडानं आपल्याशी खोटं बोलला.

दुसरं माणूस कोण, ते तूच सांग. माझं डोकं चालत नाही.

घरी सगळे मजेत. हिचा नमस्कार. आशीर्वाद पाठवत जा, उपदेश नेहमी येतोच.

तुझा
बारक्या

*

दि. १९ फेब्रुवारी

चि. बारक्यास अ.उ.आ.

आरसा घातलास ते बरं केलंस. तुझ्यात अजून धुगधुगी आहे.

मला आधीच वाटत होतं की कुठेतरी पाणी मुरतंय. आता नीट विचार कर. एखाद्या शेजाऱ्यानं हात लावला असता तर बाबांनी दहा वेळा त्याचं कौतुक सांगितलं असतं. ज्या अर्थी लपवताहेत त्या अर्थी ते माणूस लपवण्यासारखं आहे. वॉर्डात मी असे म्हातारे फार बघितलेत. कुणीतरी गोड बोलणारं भेटतं, आधी पत्र लिहून देतं, मग सामान हलवतं, मग एक दिवस घराच्या कागदांवर सही घेतं. बाबांची सही कागदाबाहेर गेलेली मी या डोळ्यांनी बघितली. कुणीतरी हात धरून करवून घेतल्यासारखी होती ती.

आता तीन कामं कर. एक, त्या खोलीचा नकाशा काढ, प्रत्येक वस्तू कुठे आहे आणि दोन वस्तूंत किती अंतर आहे ते टेप लावून मोज. कपाटामागे काही लपवलंय की काय, ते मला ताडून बघायचंय. दोन, बाबांकडे दुपारी कोण जातं ते समोरच्या दुकानदाराला विचार, पण आडून विचार. तीन, घराच्या किल्ल्या किती आणि कुणाकडे याचा हिशोब लाव. माझ्या माहितीप्रमाणे एक बाबांकडे आणि एक तुझ्या घरी खुंटीला.

खुंटीचं लिहिलं म्हणून एक बोलते, राग मानू नकोस. परक्याकडे बघण्याआधी आपल्या घरात बघावं. तुझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण तुझ्या बायकोच्या हातची एक ओळ मला कधी आली नाही. तुझ्या पत्राच्या शेवटी 'हिचा नमस्कार' येतो. जी बाई इतकी गप्प असते तिच्या मनात काय चाललंय ते तुला तरी कळतं का?

मी काही म्हणत नाही. फक्त विचारते.

काळजी करणारी
ताई

*

दि. २ मार्च

ती. ताईस सा.न.

नकाशा सोबत आहे. एकास चोवीस प्रमाणात काढलाय, अंतरं फूट-इंचांत लिहिली आहेत. टेप ओढला की बाबा मधेच विचारत होते, हा कर्र आवाज कसला येतोय. मी म्हटलं, खोलीला रंग द्यायचाय.

तू फक्त विचारलंस आणि माझ्या घरातली शांतता गेली. आता ऐक.

दुकानदार म्हणाला की बुधवारी आणि शनिवारी दुपारी एक बाई येते, छत्री पुढे धरून येते म्हणून तोंड दिसत नाही. त्यानंतर मी खुंटीवर नजर ठेवली. बुधवारी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी आलो तर बाबांची किल्ली खुंटीवर नव्हती आणि ही घरात नव्हती. संध्याकाळी कुठे गेली होतीस विचारलं तर वाचनालयात म्हणाली. वाचनालय बुधवारी बंद असतं, ताई. किल्ली मात्र परत जागेवर आली होती. तिच्या बाहीला गंजाचा डाग होता, लोखंडाला घासल्यावर पडतो तसा.

एकोणीस वर्षं जिच्या हातचं जेवतोय तिच्याकडे मी आता चोरून बघतो. ती भाजी चिरत असते आणि मी तिचा चेहरा वाचत असतो. ती विचारते काय झालं, मी काही नाही म्हणतो, आणि ते खोटं आहे हे तिलाही कळतं. बाबांनी घर तिच्या नावावर केलं असेल का? की आम्हा दोघांना कळू न देता तिला ते हवं असेल? असे विचार माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. हे तू लांबून एका ओळीत पेरलंस, आणि त्या ओळीबरोबर राहायचं मला आहे. मला तुझा राग आलाय, हे स्पष्ट लिहितो.

शनिवारी मी तिच्या मागे जाणार आहे.

खोली राखायची मुदत पंधरा तारखेला संपते ना? आता मला वाटतं की बाबांना तिकडेच पाठवावं. निदान माझ्या घरातला हा खेळ तरी संपेल.

लोभ आहे की नाही हे या पत्रात विचारू नकोस.

बारक्या

*

दि. ७ मार्च

चि. सौ. धाकटीस अ.उ.आ.

तुला लिहिलेलं माझं हे पहिलंच पत्र. तुझी ओळ मला कधी आली नाही अशी तक्रार मी नुकतीच तुझ्या नवऱ्याकडे केली. मीही तुला कधी लिहिलं नव्हतं, हे लेखणी हातात धरल्यावर लक्षात आलं.

बारक्यानं काढलेला नकाशा काल आला. त्यानं प्रत्येक इंच मोजलाय आणि त्याला त्यातलं काहीही दिसलं नाही. मला पाच मिनिटांत दिसलं. पलंगापासून कपाट एक फूट दहा इंच. कपाटापासून टेबल दोन फूट. टेबलापासून ट्रंक दीड फूट, ट्रंकेपासून खुर्ची पावणेदोन, आणि तशीच ओळ दुसऱ्या बाजूनं पुढच्या दारापर्यंत. एका वस्तूवरचा हात सुटायच्या आत दुसरा हात पुढच्या वस्तूला लागतो. मी चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळलेत. अशी ओळ कोण लावतं आणि कुणासाठी लावतं, हे मला कुणी शिकवायला नको.

मग बाकीचं सगळं आठवलं. कपात बुडवलेलं बोट, कागदाबाहेर गेलेली सही, पोटच्या मुलाला समोर बघून कोण आहे म्हणून विचारणं. बारक्यानं ते विनोद म्हणून लिहिलं होतं आणि मीही हसले. मी, जिनं आयुष्यभर हेच बघितलं.

पत्राचं ते सरळ अक्षर तुझं आहे, खरं की नाही? आता मला एकच खरं सांग. बाबांना किती दिसतं?

मोठी असून विनंती करते.

तुझी
वन्सं

*

दि. ११ मार्च

ती. वन्संना शि.सा.न.वि.वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भीती वाटली, दुसऱ्यांदा हायसं वाटलं.

मामंजींना काचबिंदू आहे. एक डोळा पूर्ण गेलाय, दुसऱ्यानं समोरचा थोडा भाग दिसतो, नळीतून बघितल्यासारखा, तोही धूसर. गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. औषधाचे थेंब बुधवारी-शनिवारी मी घालते, बाकीच्या दिवशी ते स्वतः चाचपून घालतात, एकही वेळ चुकू देत नाही, म्हणजे आहे ते तरी टिकेल. मामंजींनी मला ऑक्टोबरात शपथ घातली. म्हणाले, माझ्या मुलीला कळलं तर ती माझ्या भल्यासाठी मला इथून उचलेल, आणि नव्या खोलीत मी खरा आंधळा होईन. या घरात मला भिंती पाठ आहेत.

ह्यांना मी सांगितलं नाही, कारण हे तुम्हाला सगळं लिहितात. तेवढं माझं चुकलं. एकोणीस वर्षांत ह्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले आणि तेही नीट जमलं नाही.

कपाट मामंजींनीच हलवलं, वन्सं. पहार त्यांच्याच हातात होती. मी जोर लावायला गेले तर ओरडले. मला सांगितलं की तू फक्त बघ आणि बोलत राहा, किती उचललं, कुठे कललं, नळी आली की नाही. त्यांच्या टोळीत एक माणूस नेहमी नुसतं बघायला असे आणि त्यानं एक क्षणही गप्प बसायचं नाही असा नियम होता. बघणारा गप्प झाला की पाय जातो. मी दोन तास बडबडत होते. या घरात मी इतकी कधीच बोलले नव्हते.

कपाट बसल्यावर त्यांनी खडू हातात घेतला. एक लिहिलं तर चालेल का, असं मलाच विचारलं. मग स्वतःच म्हणाले की बघणाऱ्यालाही माणूस धरायचं असतं, आणि दोन लिहिलं. मी त्यांचा हात फटीत नेऊन दिला. मुलांना मात्र एकट्यानं केलं असंच सांगायचं ठरलं, कारण दोन म्हटलं की कोण म्हणून विचारलं जाणार.

शनिवारी हे माझ्या मागून आले. मी मामंजींच्या डोळ्यांत औषध घालत होते. हे दारातच थांबले. मामंजींनी विचारलं, कोण आहे? हे ट्रंकेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. संशय आपल्यावर होता हे मला तेव्हा कळलं. राग आला. अजून थोडा आहे, जाईल.

उत्तराची तारीख पंधरा आहे हे मामंजींना माहीत आहे. त्यांचं पत्र सोबत ठेवलंय. त्यांनी स्वतः लिहिलंय, फूटपट्टी कागदावर धरून.

काही अधिक-उणं लिहिलं असेल तर पोटात घाला.

आपली
धाकटी

*

चि. मुलीस आशीर्वाद.

ओळी एकीवर एक चढल्या तर सांभाळून घे. तारीख सून वर लिहील म्हणाली होती, विसरली वाटतं.

मी तुम्हा दोघांशी खोटं बोललो. लोखंडाशी कधी बोललो नाही, पोरांशी बोललो. लाज वाटते. भीती त्याहून जास्त वाटली.

तुला लहानपणी फळीवर बसवून दाखवलं होतं. लांब टोकाला बसलेलं पोर मोठ्या माणसाला उचलतं. तू आता लांब टोकाला आहेस. तिकडून बोट ठेवलंस तरी इकडे घर हलतं, आणि तुला तिकडे वजन जाणवत नाही. यात तुझा दोष नाही, दांडाच तसा आहे. पण टेकू पक्का हवा. कच्चा टेकू सरकतो आणि पहार जवळ उभ्या असलेल्याच्या पायावर येते. तुझा टेकू संशयाचा होता. लागलं सुनेला.

मला किती दिसतं ते तुला आता खरं कळलंय. त्या खऱ्यावर टेकू ठेव आणि मग दाबायचं असेल तर दाब. उचललंस तर मी जाईन. तक्रार करणार नाही. पण मला इथेच राहायचंय.

बाबा

*

दि. १५ मार्च

चि. बारक्यास व चि. सौ. धाकटीस अ.उ.आ., ती. बाबांना शि.सा.न.

तिघांना मिळून एकच पत्र लिहिते. धाकटीनं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवावं, काहीही न गाळता.

मी फक्त चौकशी केली आहे असं बारक्याला लिहिलं होतं, ते खोटं होतं. वृद्धाश्रमाला मी ३० जानेवारीलाच होकार दिला होता. फॉर्म भरला होता, सही केली होती, खिडकीजवळचा पलंग कुठला हेही सांगून आले होते. बाबांचं कपाटाचं पत्र यायच्या आधी. म्हणजे मी संशय घेऊन निर्णयाकडे गेले नाही, निर्णय घेऊन बसले होते आणि संशय गोळा करत होते. तुम्हा सगळ्यांचं खोटं मी भिंग लावून शोधलं. माझं माझ्या टेबलाच्या खणात होतं.

आज सकाळी तिथे जाऊन नकार देऊन आले. बाईंनी कारण विचारलं. वडिलांना यायचं नाही, एवढंच सांगितलं. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

धाकटे, तुझ्यावर संशय मी घ्यायला लावला. बारक्याच्या वाट्याचा रागही माझ्याकडे पाठव. तो तेवढ्याचा धनी नाही.

आता हुरळून जाऊ नका, मी काही बदललेली नाही. चहा यापुढे थर्मासात भरून ठेवायचा, बोट भाजून घ्यायचं नाही. औषधाच्या वेळा मला लिहून पाठवा, त्या बरोबर आहेत की नाही ते मी तपासणार आहे. आणि बारक्या, तुझ्याच नकाशात बघ: खुर्चीपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत तीन फूट दोन इंच मोकळे आहेत. सगळ्या ओळीत तेवढीच जागा अशी आहे की जिथे बाबांचे दोन्ही हात हवेत राहतात. माणूस तिथेच पडतो. हे पत्र वाचून झाल्याबरोबर तिथे काहीतरी जड ठेवा. ढकलायला बारक्यानं उभं राहावं आणि बघायला धाकटीनं.

मी सोमवारच्या गाडीनं निघते, मंगळवारी दुपारी पोचेन, महिनाभर राहीन. बाबा, दार तुम्हीच उघडायचं. बाकी कुणी धावत यायचं नाही. तुम्हाला ओळ धरून यायला वेळ लागेल तेवढा लागू दे. मी बाहेर उभी राहीन, आणि तुम्ही कडीला हात लावेपर्यंत बोलत राहीन.

आजवर केलीत तशीच माया करत राहा, ही विनंती.

तुमची
ताई